प्रभातकक्षातली संमती

मंगळावरच्या अरुणतळ वसाहतीत धूळऋतू सुरू झाला की सूर्य तांबूस ठिपक्याएवढा उरे आणि माणसं मिटत जात. कुणी जेवायला येत नसे, कुणी अंथरुणातून उठत नसे. त्यावर उपाय म्हणून डॉक्टर हेमांगी टिपणीसने प्रभातकक्ष उभारला होता. तिथल्या ऋतुदीपांसमोर रोज सकाळी बसलं की भर उन्हाळ्यासारखी तरतरी येई.

त्या वर्षी हेमांगी स्वतःच तापाने पडली. कित्येक आठवडे तिने खोलीत काढले. बाहेर आली तेव्हा वसाहतप्रमुख इंद्रजित शेवाळे यांची सभा उरकली होती. पृथ्वीवर परतणारं स्वयंचालित यान रिकामं पाठवायचं आणि बर्फाच्या खाणीसाठी आणखी एक धूळऋतू इथेच काढायचा, असं एकमताने ठरलं होतं. हवा शुद्ध करणारं यंत्र आता फार टिकणार नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनीही हात वर केले होते.

सभा प्रभातकक्षात झाल्याचं कळलं तेव्हा हेमांगीला शंका आली. ती प्रकाशशास्त्रज्ञ फिरोज मुल्लाणींच्या प्रयोगशाळेत गेली. दिवसभर दिव्यांची चाचणी घेणारे मुल्लाणी नेहमीप्रमाणे प्रसन्न होते. सभेआधी दिवे वाढवायला शेवाळेंनीच सांगितलं होतं, हे त्यांनी लपवलं नाही.

"डोळ्यांतल्या काही पेशी ऊन किती आहे तेवढंच मेंदूला कळवतात," हेमांगी म्हणाली. "त्यावर मन उल्हसित होतं, इथवर मला ठाऊक आहे. पण माणसं हवेची काळजी कशी विसरली?"

"उजेड भरपूर असला की मेंदू धोका कमी मोजतो," मुल्लाणी म्हणाले. "समोरच्यावर विश्वास बसतो. अंधारात याच्या उलट. आपण जिला उदासी म्हणतो, तिच्यात निम्मा संशयच असतो."

"मग ती संमती माणसांची नव्हती, दिव्यांची होती."

"असेल. पण तुम्हीही बरेच दिवस अंधारातच आहात, डॉक्टर."

तिला ते बोलणं आवडलं नाही.

तिने प्रभातकक्ष बंद करायला लावला. काही आठवड्यांनी मंद उजेडात पुन्हा सभा भरली आणि आधीचा निर्णय रद्द झाला. शेवाळेंचं पद गेलं. हेमांगीला वाटलं, आता सगळे घरी जातील.

पण यानात बसायला कुणी तयार होईना. यानाची तपासणी शेवाळेंच्याच माणसांनी केली होती, असं एकाने म्हटलं. दुसऱ्याने विचारलं की दिवे मुळात बसवले कुणी. हेमांगी समजावायला गेली की लोक दारं लावून घेत. तिने हातात दिलेली औषधं भिंतीकडेला तशीच पडून राहू लागली.

निघण्याआधी सगळ्यांवर थोडा वेळ दिवे सोडू या, असं मुल्लाणींनी सुचवलं. हेमांगीने साफ नकार दिला. तसं केलं तर आपल्यात आणि शेवाळेंत फरक काय उरेल, असं ती म्हणाली.

यान सुटायच्या सकाळी फलाटावर दोघंच होती. मुल्लाणी आत जाऊन बसले आणि त्यांनी दारातून हात पुढे केला.

"चला, डॉक्टर. निदान तुम्ही तरी या."

हेमांगी एक पाऊल पुढे आली आणि थांबली. हा माणूस इतका आग्रह का करतोय, असं तिला वाटलं. मग तिने स्वतःला बजावलं, की हा आपला विचार नाही, अंधाराचा आहे. समोरचा माणूस भला आहे. तिने हात पुढे केला.

तेवढ्यात तिला आठवलं, की अंधाराने संशय येतो हे आपल्याला याच माणसाने सांगितलं. दुसऱ्या कुणीही नाही.

तिने हात मागे घेतला. मुल्लाणींनी पुन्हा हाक मारली, पण ती जागची हलली नाही. यानाचं दार बंद झालं.