साडेतीनचं उत्तर

आमच्या घरात एक नियम होता, आणि त्याबद्दल काही विचारायचं नाही हाही नियमच होता. दुपारी साडेतीनला कंपनीची पहिली शिफ्ट सुटल्याचा भोंगा वाजू लागला की स्वयंपाकघरात जी कुणी बाई असेल तिने मागच्या बंद दाराकडे तोंड करून म्हणायचं, ‘उद्या येईल.’ एकदाच, साध्या आवाजात. दार उघडायचं नाही. गुरुवारी कंपनीला सुट्टी, भोंगा नाही, म्हणून त्या दिवशी हेही नाही.

काय येईल, असं मी शाळेत असताना पद्माआत्याला विचारलं होतं. तिने तव्यावरची पोळी करपू दिली, पण उत्तर दिलं नाही. पुढे मी बी.एस्सी.ला गेले, दुपारभर कॉलेजात असायची. मोठ्यांचं खूळ म्हणून सोडून दिलं.

शहात्तर साली आईच्या पोटातली गाठ तपासायला पाठवली. आम्ही चिंचवडला कंपनीच्या वसाहतीत राहत होतो. रिपोर्ट आला त्या सकाळी बाबांनी मला अंगणात बोलावलं. कॅन्सर हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. “तेच आहे,” म्हणाले.

‘तेच’ आठ वर्षांपूर्वी श्रीपादकाकांना झालं होतं. बाबांचे धाकटे भाऊ, याच कंपनीत टर्नर होते, आमच्यातच राहायचे. त्यांना कावीळ म्हणून सांगितलं होतं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. काका शेवटपर्यंत कामाला परत जायच्या गोष्टी करत होते, एवढं मला आठवतं.

आईला अल्सर सांगायचं ठरलं. डॉक्टरांचाही तोच सल्ला, पेशंट खचतो, कशाला सांगता. मी भांडले. ज्या बाईचं शरीर, तिलाच सोडून सगळ्या आळीला माहीत, हा कुठला न्याय? आत्या म्हणाली, चार बुकं शिकलीस म्हणून जन्मदात्रीला मारायला निघालीस का. बाबा चपला शोधत राहिले.

आत गेलो तेव्हा आई जागी होती.

“रिपोर्ट आला का?”

“उद्या येईल,” आत्या चटकन म्हणाली.

आई तिच्याकडे बघत राहिली. हे दोन शब्द तिने स्वतः आठ वर्षं त्या दाराला ऐकवले होते. मग ती भिंतीकडे वळली. तिची ती पाठ बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

रेडिएशनचा शेक कधीपासून द्यायचा हे विचारायला बाबा आणि आत्या बसने पुण्याला गेले. निघताना आत्याने बजावलं, साडेतीनला विसरू नकोस.

मी विसरले नाही. मी ठरवून म्हटलं नाही.

भोंगा वाजला तेव्हा मी स्वयंपाकघरात त्या दारासमोरच उभी होते. लांबत लांबत थांबला. उन्हात वसाहत निपचित पडली होती, शेजारचा रेडिओही बंद. मला आजवर तिथे कधी काही ऐकू आलं नव्हतं. उत्तर नेहमी प्रश्नाच्या आधीच दिलं जायचं, हे माझ्या लक्षात आलं ते त्या दिवशी.

मागे सायकल स्टँडवर लागल्याचा आवाज झाला. मशिनच्या तेलाचा आणि ओल्या साबणाचा वास दाराच्या फटीतून आत आला. कुणीतरी बाहेर उभं होतं. घाई नव्हती त्याला.

“वहिनी… रिपोर्ट आला का?”

आवाज मी ओळखला. खरं सांगते, भीतीपेक्षा राग मोठा होता.

“काका, रिपोर्ट तेव्हाच आला होता,” मी म्हटलं. “कॅन्सर होता. तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली.”

फटीतून तेलाचा वास अजून येत होता.

“सगळ्यांना माहीत होतं?”

“हो.”

“वहिनींनासुद्धा…?”

“हो, काका.”

त्यानंतर काही ऐकू आलं नाही. मी कडी काढली. पायरीवर ऊन होतं, सायकल नव्हती, कुणी नव्हतं. पण सायकल निघाल्याचा आवाजही मी ऐकला नव्हता.

बाबा आणि आत्या साडेपाचला आले. बाहेरच्या खोलीतच मी त्यांना सगळं सांगितलं. बाबा खुर्चीवर बसले. आत्या ओरडली नाही, तेच मला विचित्र वाटलं.

“आठ वर्षं त्याला उंबऱ्याबाहेर ठेवला होता,” ती हळू म्हणाली. “उद्या कळेल म्हणून परत जायचा बिचारा. आता कशासाठी परत जाईल?”

“आणि आईला किती वर्षं बाहेर ठेवणार आहात?” मी म्हटलं. “तीही अशीच येऊन विचारेल. तेव्हा दाराआड मी असेन. मी नाही म्हणणार उद्या येईल. तिला मी सांगणार, आणि आत्ता, ती जिवंत असताना सांगणार.”

बाबांनी मान वर केली नाही. मी आईच्या खोलीच्या पडद्याला हात घातला.

आत आई कुणाशी तरी बोलत होती. आवाज अगदी शांत होता.

“नाही हो भावोजी, रागवू कशाला,” ती म्हणत होती. “मीच तुमची अपराधी आहे.”

मग ती थांबली, समोरचा सांगत असताना ऐकणारं माणूस थांबतं तशी. आम्हाला दुसरा आवाज ऐकू येत नव्हता.

“किती महिने?” आईने विचारलं.

पुन्हा बराच वेळ शांतता.

“बरं,” ती म्हणाली.