बादलीतली ओहोटी

ऑक्टोपस धरायला बंदी असलेल्या खाडीतले दगड उलथलेले सापडले. अंडी राखत बसलेले ऑक्टोपस कुणीतरी उचलून नेले होते. शेहा, म्हणजे गावप्रमुख, उस्सीने सकाळीच भर चौकात निकाल देऊन टाकला. चोर गावातलाच कोळी फकी, आणि त्याला वर्षभर समुद्र बंद.

साक्षीदार होता उस्सीचा धाकटा भाऊ खतीब. काल ओहोटीला बाहेरच्या किनाऱ्यावर तो गळासाठी खेकडे धरत होता म्हणे, तिथून त्याने फकीला खाडीकडे जाताना पाहिलं. पुरावा म्हणून खेकड्यांची बादली त्याने शेहाच्या ओट्यावर आणून ठेवली.

“पोरांना काय दगड खाऊ घालू?” एवढंच बोलून फकी गेला होता. उस्सीला ते टोचत होतं. काल खतीबकडे खाल्लेला नारळाच्या रसातला ऑक्टोपसही अजून पोटात जड होता.

अकराला बाहेरच्या किनाऱ्यावर पाणी पार ओसरलं. बादलीतले खेकडे ढिम्म. एक वाजता बादली खरखरू लागली. उस्सीने भावाला बोलावून घेतलं.

“कुठले रे हे?”

“बाहेरच्या किनाऱ्यावरचे. किती वेळा सांगू, दादा?”

“आईने बरणीत खेकडे पाळले होते, आठवतं?”

“तर! ओहोटी झाली की बरणीत नाचायचे.” खतीब हसला आणि मधेच थांबला.

“समुद्र दिसला नाही तरी आपल्या जागेची ओहोटी ते विसरत नाहीत. बाहेरच्या ओहोटीला हे हललेसुद्धा नाहीत. खाडीत पाणी दोन तास उशिरा ओसरतं, म्हणजे आत्ता. बघ कसे नाचतायत! हे खाडीतले आहेत, खतीब. चोरी करता करताच साक्षीची सोय केलीस. बाहेरपर्यंत चालायचा तुला लहानपणापासून आळस.”

खतीबने बादली पायाने बाजूला सारली. मग म्हणाला, “काल दोनदा वाढून घेतलंस. कुठून आणलं, विचारलंस का?”

उस्सीने विचारलं नव्हतं. बंदीच्या खाडीबाहेर एवढा मोठा ऑक्टोपस कुठेच मिळत नाही, हे त्याला पहिल्याच घासाला कळलं होतं. त्याला स्वतःची किळस आली.

खतीबला घेऊन तो फकीच्या दारी गेला.

“फकी, चुकलो मी. चोर हा, आणि खाणारा मी. वर्षभर समुद्र आम्हा दोघांना बंद.”

फकी जाळं विणत होता. त्याने मानही वर केली नाही.

“सकाळी चौकात ओरडून मला चोर म्हणालास, शेहा. आणि आता इथे दारात पुटपुटतोस?”

उस्सीने भावाचा हात घट्ट धरला आणि तो चौकाकडे चालू लागला.