तळटीप न वाचलेला तक्ता

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली, तेव्हा आत आम्ही दोघंच होतो. मी एकामागून एक सगळी बटणं दाबत होते. तो मात्र भिंतीवरची सूचना वाचत होता.

“आठ माणसं,” तो म्हणाला. “पण खाली बारीक अक्षरात आहे... सामान नसेल तर. तुमच्याकडे फायली किती?”

“इथे जीव जातोय, आणि तुम्ही—”

“म्हणून तर वाचतोय.”

मला हसू आलं, तेवढ्यात लिफ्ट हलली. आमच्या सांख्यिकी कार्यालयात त्याला सगळे ‘तळटीप’ म्हणायचे. बारीक अक्षर त्याच्या नजरेतून कधी सुटत नसे. त्या दिवसापासून मी जिनाच चढायचे. माझे तक्ते मात्र तपासायला त्याच्याकडेच जायचे. आमच्याकडे प्रत्येक तक्त्याखाली दोन सह्या लागतात, करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता मला माझ्याच तक्त्यातली चूक दिसली. वस्तू आणि सेवांवरच्या करांतून दोन देशांच्या सरकारांना किती महसूल मिळतो, याची तुलना मी केली होती. आपल्याकडे छत्तीस टक्के, शेजारी देशात सेहेचाळीस. पण त्यांच्या आकड्याखालची तळटीप सांगत होती की तो फक्त करांच्या रकमेवर काढलाय. आपला मी दंड, भाडी, अनुदानं धरून साऱ्या महसुलावर काढला होता. एकाच मापाने मोजलं तर आपले बेचाळीस होत होते. दहाचं अंतर खरं चारचंच होतं! पुस्तिका चार वाजता छपाईला जाणार होती, आणि मथळा होता ‘शेजारी खूप पुढे’.

माझी नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. पुढचं आमच्या विभागप्रमुख मॅडम ठरवणार होत्या. आईने तर मला केव्हाच कायम करून टाकलं होतं, साऱ्या नातेवाइकांत. गप्प बसले तर कदाचित कुणाला कळणारही नव्हतं. बोलले तर मी बुडणार, आणि खाली सही असलेला तोही.

मी त्याच्या टेबलापाशी गेले. नुसतं तळटिपेवर बोट ठेवलं. त्याचा चेहरा उतरला.

“चला, मॅडमकडे.”

“मी एकटी जाते. सांगते, घाईत तुम्हाला सही करायला लावली.”

“खोटं? तेही माझ्यासाठी?” तो हसला, आणि तक्ता उचलून माझ्याआधी निघाला.

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. “ही नवी आहे. पण तुम्ही? सात वर्षांत एक तळटीप सुटली नाही तुमच्याकडून. या वेळी काय झालं?”

तो टेबलाकडे बघत राहिला. “मंगळवारी या तक्ता घेऊन समोर बसल्या होत्या.”

“मग?”

“मग... नजर खालपर्यंत गेलीच नाही.”

माझे कान तापले. मॅडमनी आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. गेली नोकरी, मी मनात म्हटलं.

“पन्नास मिनिटं आहेत. तक्ता बदला, मथळाही. चूक झाली हे तुझ्या नोकरीच्या नोंदीत लिहीन, स्वतःहून सांगितलीस हेही लिहीन. कायम करताना दोन्ही बघेन. आणि तुम्ही, यापुढे हिचे तक्ते तपासायचे नाहीत.”

चारला पाच कमी असताना दुरुस्त पान गेलं. जिन्यापाशी तो थांबला.

“आता तक्ते येणार नाहीत.”

“नाहीत.”

“तुम्ही... याल?”

जिना सोडून मी लिफ्टचं बटण दाबलं.

“अडकली तर?” त्याने विचारलं.

“तर या वेळी सूचना वाचायची नाही.”