पाण्याखालचं कुलूप

आंबेगाव धरणात जाणार होतं, तेव्हा कांतीलालशेटनं सगळं सामान टेंपोत चढवलं आणि निघताना घराला कुलूप लावलं. चार दिवसांनी ज्या घरात मासे फिरणार, त्या घराला! लोक पोट धरून हसले. पण दुकानदाराचा हात तो; दार ओढलं की कुलूप लागणारच. किल्ली बायकोच्या, भंवरीबाईंच्या कमरेला गेली.

पुढं नारायणगावच्या फ्लॅटात शेट अंथरुणाला खिळले. "कुलूप काढा, मला घरात जायचंय," म्हणत म्हणतच २००३च्या पावसाळ्यात गेले. भंवरीबाईंनी मुलाला, प्रितमला सांगितलं, किल्ली आपल्या दारापाशी सोडून यायची. नाहीतर तुझे बापू बाहेरच उभे राहतील.

"आई, दार पाण्याखाली आहे."

"मग वरून सोडू."

प्रितमकडं जीपीएस होतं. टोमॅटोचे ट्रक रस्ता चुकू नयेत म्हणून त्यानं ते हौसेनं आणलेलं. ड्रायव्हर लोकांनी हातसुद्धा लावला नव्हता. धरणाआधीच्या नकाशावर पट्टी ठेवून त्यानं घराचे अक्षांश-रेखांश काढले, यंत्रात भरले. यंत्रानं घर दाखवलं जवळपास सात हजार किलोमीटरवर. अक्षांशाच्या जागी रेखांश पडले होते आणि घर पार उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात जाऊन बसलं होतं.

"पाण्यातच आहे ना," भंवरीबाई म्हणाल्या.

आकडे सुधारून दोघं डिंभ्याला धरणावर गेले. होडी गोरखची. तोही मूळचा आंबेगावचाच.

"तुमचा उंबरा लई उंच व्हता राव," वल्हं मारता मारता तो म्हणाला. "दर टायमाला ठेचकाळायचो."

"पावसाचं पाणी घरात शिरू नये म्हणून आजोबांनी बांधला होता," प्रितम म्हणाला. मग तिघांनीही खाली पाण्यात पाहिलं.

यंत्रावरचं अंतर कमी होत गेलं. शून्य झालं तशी भंवरीबाईंनी किल्ली सोडली.

थोड्या वेळानं खालून आवाज आला. कट्.

"वल्ह्याचा असंल," गोरख म्हणाला.

वल्हं त्याच्या मांडीवर आडवं होतं.

काठावर उतरले तरी यंत्र शून्यच दाखवत होतं. घोडेगावात शून्य. मंचरला प्रितमनं नवे सेल घातले, शून्य. बिघडलं असणार, तो म्हणाला. जैन रीतीनं दिवस मावळायच्या आत जेवायचं, एवढीच भंवरीबाईंना घाई होती.

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. यंत्रावरचा बाण दाराकडं.

प्रितमनं लॅच उघडलं. भंवरीबाईंनी डोक्यावर पदर घेतला, निऱ्या उचलल्या, पाय चांगला गुडघ्याएवढा वर घेऊन आत टाकला.

"सांभाळून ये," त्या आतून म्हणाल्या.

प्रितमचं लक्ष यंत्रात होतं. त्याला जोरात ठेच लागली. अंगठा फुटला, रक्त आलं.

त्यानं खाली पाहिलं. फरशी होती. सपाट.