जित्या घरातला हेल

"माय, आज जरा रडशील का?"

हरिओमनं हे इतक्या सहज विचारलं की चतुराबाईला आधी ते कळलंच नाही. मेंढरं वाडग्यात कोंडून ती नुकतीच अंगणात आली होती, लुगड्याचा ओचा अजून वर खोचलेला होता, आणि दारात उभा असलेला तिचा लेक फोन कधी उभा, कधी आडवा धरून भिंतीवरच्या उन्हाचा अंदाज घेत होता.

"कावून रे? काय झालं?"

"काय न्हाई. व्हिडिओसाठी. आबा गेले तवा तू कशी रडलीस, हेल काढून... तसं. ऊन उतरायलंय, आता उजेड लई चांगला हाय."

चतुराबाईनं खोचलेला ओचा चटकन खाली सोडला. मढं अंगणात असताना बायका एकमेकींच्या गळ्यात पडून, गेलेल्याचं नाव घेऊन, त्याचे गुण आठवून सूर लावून रडतात, तो हेल. तो फक्त मेलेल्याचा. जित्या घरात, तेही दिवेलागणीला, कुणी हेल काढला तर तो कुणाला तरी नेल्याशिवाय राहत नाही, असं ती आईच्या मांडीवर असल्यापासून ऐकत आली होती. दुसऱ्या कुणी असं मागितलं असतं तर तिनं त्याला वस्तीबाहेर हाकललं असतं... पण मागत होता तिचा हरिओम, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या डोळ्यांत थोडी धुगधुगी दिसत होती.

नांदूरघाटच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या त्या मेंढपाळांच्या वस्तीतून विद्यापीठापर्यंत पोचलेला हरिओम पहिलाच. हरिबा, म्हणजे त्याचे आबा, मेंढरं रस्त्यापार नेताना ट्रकखाली सापडले, तेव्हा पोरगं बारावीला होतं. नवऱ्याची काठी चतुराबाईनं हातात घेतली आणि लेकाला संभाजीनगरला धाडलं. तिथं हॉस्टेलच्या खोलीत त्याचा जीव एकटा पडतो, इतर पोरांच्या बोलण्यात त्याला जागा मिळत नाही, हे त्यानं कधी घरी कळू दिलं नाही. मग एका सुट्टीत मेंढरांमागं ओव्या म्हणत चाललेल्या आईला त्यानं फोनमध्ये धरलं, आणि ते म्हणे लाखभर लोकांनी पाहिलं. झालं! ज्यांनी त्याला कधी चहाला विचारलं नव्हतं, ते त्याच्या खांद्यावर हात टाकू लागले. घरात माय म्हणणारं पोरगं फोनमध्ये 'आमची आई' म्हणू लागलं. माय, परत एकदा चाल. माय, हसू नको. माय, ते फाटकं लुगडंच नेस. चतुराबाई चालली, हसू दाबलं, फाटकं नेसली... लेकाच्या तोंडावरचं हसू पाहून तिच्या अंतःकरणाला जी तृप्ती व्हायची, तिच्यापुढं बाकीचं तिला क्षुल्लक वाटे. युसूफ वडगावला दिलेली तिची लेक स्वप्ना एकदा फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाली, "माय, सासरची मला टोमणे मारायलेत, तुझी माय नटी झाली का म्हून." तेव्हाही तिनं लेकीलाच गप्प केलं होतं.

आणि मग लोकांना तिचा कंटाळा आला. लोकांचं काय जातं? बोट वर सरकवलं की दुसरी म्हातारी, दुसरं कोकरू. पण इकडं हरिओम त्या सरकत्या बोटाबरोबर खाली खाली जात राहिला. दिवाळीला आलेला तो परत गेलाच नाही. परीक्षा बुडाली. झोप उडाली, अंघोळ राहिली, ताटातली भाकरी तशीच वाळू लागली. दिवसभर अंथरुणात पडून तो दुसऱ्यांची हसरी तोंडं बघायचा, आणि तोंडागणिक त्याचं स्वतःचं तोंड उतरत जायचं. कळपातलं एखादं मेंढरू असं मान खाली घालून बाजूला उभं राहू लागलं की चतुराबाईला त्याची धास्ती वाटे, आणि इथं तर तिच्या पोटचा गोळा होता. मागच्या आठवड्यात ताटावरून उठताना तो म्हणाला होता, "मी नसलो तर कुणाला काय फरक पडणार हाय, माय? मला कुणी बघत बी न्हाई." त्या दिवसापासून ती माउली मेंढरं लांब न्यायची सोडून घराभोवतीच चारत होती.

"ह्यानं लोक बघतील?" तिनं हळूच विचारलं.

"बघतील की. रडलेलं लई बघतात."

"मग तू जेवशील?"

"जेवतो."

"अन् शिकायला परत जाशील, बाळा?"

हरिओमचं लक्ष नव्हतं. तो सदऱ्याच्या टोकानं फोनची काच पुसत होता.

चतुराबाई भिंतीला टेकून खाली बसली. रडायचं... पण कुणाच्या नावानं? हरिबाला तर रडून झालं होतं. शांत झालेल्या त्या जिवाला पुन्हा हाका मारून कशाला तळमळवायचं? आणि जित्या माणसाचं नाव घ्यायचं तर वस्तीवर कुणाचं घ्यायचं? कुणाच्या घरावर हे अरिष्ट लोटायचं? ती क्षणभर कासावीस झाली, आणि मग एक नाव तिला इतक्या सोप्या रीतीनं सुचलं की तिचा सगळा भार उतरला. बिरोबा, तिनं मनात म्हटलं, यायचंच असलं कुणाला न्यायला, तर मी जे नाव घेते ते नीट ऐकून घे. मग तिनं डोक्यावर पदर ओढला आणि सूर लावला.

"अगं चतुरे... मेंढरं दारी आली गं, तू कुठं निघालीस... लेकराची भाकर व्हायची ऱ्हायली गं, तू कुठं निघालीस... रडायला लेक परगावी गं बाई, लेकाला हेल येत न्हाई गं... तुझं तूच आता रडून घे गं चतुरे..."

सुरुवातीला नुसतं तोंडच रडत होतं. पण हेल काही नाटकाला बधत नाही. काठी हातात घेतल्यापासून पोरांपुढं दाबून ठेवलेले सगळे उमाळे तिच्या छातीतून एकदम वर आले, तिचं सर्वांग गदगदू लागलं, आवाज वाडग्यापलीकडं, माळावर पोचला. पाण्यानं भरलेल्या डोळ्यांनी तिनं लेकाकडं पाहिलं. तो फोनकडं बघत होता. एक पाऊल बाजूला सरकून, तोंड जरा उजेडाकडं कर, असं तो तिला हातानं खुणावत होता. तिच्या तोंडातला एकही शब्द त्याच्या कानापर्यंत गेला नव्हता.

तेवढ्यात धावती पावलं वाजली. साखराबाई, तिची थोरली जाऊ, पिठानं भरलेल्या हातांनी तशीच पळत आली. हेल ऐकल्यावर कोण गेलं म्हणून या वस्तीवर कुणी विचारत नाही. आधी गळ्यात पडायचं, सूर मिळवायचा, नाव मागाहून कळतं. पण साखराबाईला नावासाठी थांबावंच लागलं नाही. चतुराबाईला मिठी मारून तिनं टाहो फोडला.

"हरिओमा... माझ्या वासरा रे... रोज बघत हुते रे तुला सुकताना... कावून न्हाई तुझा हात धरला रे मी... काय तोंडानं तुझ्या मायला समजावू रे हरिओमा..."

हरिओमच्या हातातला फोन तसाच वर राहिला. मागून आणखी बायका आल्या, त्याही त्याचंच नाव घेत आल्या. सगळ्यांच्या शेवटी मुंजाजी आला, त्याचा चुलता. त्याचं धोतर कमरेपर्यंत भिजून पायाला चिकटलं होतं. भिंतीपाशी उभा असलेला पुतण्या दिसताच तो जाडजूड माणूस उंबऱ्यावर मटकन बसला.

"आरं, हाईस तू..." तो धापा टाकत म्हणाला. "मी आधी विहिरीकडं गेलतो रं. हेल ऐकला अन् म्हणलं, केलं पोरानं... पाण्यात उतरून चाचपून आलो..." पुढं त्याला बोलता येईना. सगळ्या वस्तीला दरडावणारा मुंजाजी बायकांदेखत ओक्साबोक्शी रडू लागला.

साखराबाईनं मान वर करून पाहिलं. उठून तिनं हरिओमच्या छातीवर दोन्ही हातांनी गुद्दे घातले, आणि लगेच त्यालाच कवटाळलं.

"तात्या," हरिओमनं मुंजाजीला विचारलं, "समद्यांला... मीच वाटलो?"

आपल्याला कुणी बघत नाही असं जो म्हणत होता, त्याला सगळी वस्ती रोज बघत होती आणि त्याचं काय करावं हे कुणालाच सुचत नव्हतं.

चतुराबाईला मात्र वेगळीच काळजी लागली होती. अंगणात गर्दी झाली, बायका मध्ये आल्या, लेकाचं काम बिघडलं. ऊन तर भिंतीवरून निघून चाललं होतं. पदरानं नाक पुसत ती म्हणाली, "अक्का, जरा बाजूला व्हा. पोराचं ऱ्हायलंय. असू दे रे हरिओम, मी परत रडते. धर फोन."

हरिओमनं फोन खाली ठेवला. तो खाली बसला, लहानपणी बसायचा तसा तिच्या पायाशी, आणि त्यानं तिच्या मांडीत डोकं खुपसलं.

"बास, माय... नगं रडू... मला बरं वाटत न्हाई, माय. लई दिवस झालं. मला काहीच बरं वाटत न्हाई."

"ठावं हाय रे मला," ती त्याच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "तू म्हणायची वाट बघत हुते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंजाजीनं मोटारसायकल काढली. केजच्या डॉक्टरला आधी दाखवायचं, त्यानं सांगितलं तर बीडला मनाच्या डॉक्टरकडं जायचं, असं ठरलं. दुखणं एका खेपेत उतरणारं नव्हतं, हे चतुराबाईला पोराच्या चालण्यावरूनच दिसत होतं. पण तो अंघोळ करून, स्वतःहून सदरा बदलून तयार झाला होता.

ती त्याची भाकरी फडक्यात बांधत होती. राहवेना म्हणून तिनं विचारलं, "ते कालचं टाकलंस का लोकांला?"

"न्हाई. पुसून टाकलं."

केवढं मोल देऊन रडली होती ती... आणि त्यातला एक शब्दही आता कुठं उरला नव्हता. "बरं केलंस," ती म्हणाली.

हरिओम उंबऱ्यात घुटमळला. "माय, मला काय ऐकूच आलं न्हाई बघ काल. मी फोनकडंच बघत हुतो. आबासाठी रडलीस ना?"

चतुराबाईनं गाठ घट्ट केली आणि फडकं त्याच्या हातात दिलं.

"व्हय," ती म्हणाली, "दुसऱ्या कुणासाठी रडणार?" आणि उशीर होतोय म्हणून ती मुंजाजीला हाक मारायला बाहेर गेली.