यातील व्यक्ती अस्तित्वात नाही

हे खरं घडलेलं आहे. थापा मारायची मला आता हौस उरलेली नाही. ज्या मारायच्या होत्या त्या मी मारून बसले आहे, आणि त्याच सांगते.

रात्र-बित्र नव्हती. याच आठवड्यातला मंगळवार, सकाळचे साडेदहा. आमच्या विद्यापीठाचा प्रसिद्धी विभाग, दुसरा मजला, खिडक्यांतून भक्क ऊन. मी तिथे अठरा वर्षं नोकरी करते.

प्रवेशाचे दिवस होते. माहितीपत्रक आणि गेटवरचा मोठा फलक, दोन्ही बारापर्यंत छपाईला जायची होती.

आमच्याकडे दोन नियम आहेत. खऱ्या विद्यार्थ्याचा फोटो वापरला, तर त्याच्या सहीचं संमतीपत्र हवं. चित्र एआयने केलेलं असेल, तर खाली एक ओळ छापायची.

'हे चित्र एआयने तयार केले आहे. यातील व्यक्ती अस्तित्वात नाही.'

हे नियम मीच लिहिले होते. लोकांची फसवणूक होऊ नये म्हणून! बैठकीत टाळ्यासुद्धा मिळाल्या होत्या.

पण त्या दिवशी एआय काही केल्या धड मुलगी देईना. खिडकीशी वाचत बसलेली हवी होती. एकीला सहा बोटं, दुसरीचं पुस्तक उलटं. आमचा डिझायनर अगदी रडकुंडीला आला.

मग मी शहाणपणा केला.

माझ्या मोबाइलमध्ये ठमीचा फोटो होता. ठमी म्हणजे माझी भाची, ताईची एकुलती एक. ताई दुसऱ्या गावी असते; ठमी माझ्याकडे राहून आमच्याच विद्यापीठात शिकते. लायब्ररीच्या खिडकीशी ती वाचत असताना मी तो गुपचूप काढलेला. एरवी फोटो म्हटलं की बाईसाहेब उशीत तोंड खुपसणार.

"हा घाल त्यात," मी डिझायनरला म्हटलं. "केस बदल, कपडे बदल, जरा हसव तिला."

त्याने सगळं बदललं. चेहरा मात्र तिचाच राहिला.

"मॅडम, संमतीपत्र?"

ठमी वर्गात होती. आणि विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी फॉर्म पुढे ओढला. पूर्णपणे एआय. खरी व्यक्ती... कोणी नाही. खाली सही ठोकली.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघी गेटवर पोचलो. फलक लागला होता. दोन मजली उंच. खाली ती ओळ, चांगली ठळक.

ठमी थबकली.

"मावशे... ही माझ्यासारखी दिसते ना गं?"

"छे! काहीतरीच काय. एआयने केलीय. अशी कोणी मुलगीच नाही."

तिच्या तोंडावर म्हटलं मी हे.

मी यंत्राला कार्ड टेकवलं. टिक्. दार उघडलं.

तिने टेकवलं...

काहीच नाही.

पुन्हा टेकवलं... काहीच नाही.

"बिघडलं वाटतं मेलं," म्हणत ती माझ्या पाठोपाठ आत घुसली. हसतच होती.

संध्याकाळी हसत नव्हती. सरांनी हजेरीत तिचं नाव गाळलं होतं. तिने हात वर केला, मोठ्याने सांगितलं. सर पुढच्या नावावर गेले.

शुक्रवारी दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. ओठ पांढरे पडलेले.

"मावशी, लायब्ररीत एक मुलगी माझ्या मांडीवर येऊन बसली."

एरवी मी 'मावशे'. घाबरली की 'मावशी'.

"म्हणजे?"

"मी खुर्चीत होते. ती आली आणि... बसली. पुस्तक उघडून वाचायला लागली. तिला कळलंच नाही गं."

तिचा हात धरून मी डिझायनरकडे गेले. "ती ओळ काढ. आत्ताच्या आत्ता. फोटो हिचा आहे."

त्याने माझ्या शेजारी पाहिलं. मग माझ्याकडे.

"कोणाचा, मॅडम?"

मी कुलसचिवांकडे गेले. खोटं लिहिलंय म्हणून सरळ कबूल केलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"करू ना दुरुस्ती," ते म्हणाले. "त्या मुलीला आणा. माझ्यासमोर संमतीपत्रावर सही करू दे. तुमचाच नियम आहे."

ठमी माझ्याजवळ उभी होती. तिने माझ्या हातातलं पेन घेतलं. वाकली. सही केली. मी डोळ्यांनी पाहिलं.

कागद... कोरा.

"केली गं मी!"

पुन्हा केली. तिसऱ्यांदा केली, पेन दाबून दाबून. कागद कोराच.

"मॅडम," कुलसचिव हळूच म्हणाले, "चार दिवस सुट्टी घ्या तुम्ही."

फलक मी भांडून उतरवायला लावला. पण माहितीपत्रकं बुधवारीच टपालात पडली होती. चाळीस हजार. चाळीस हजार घरांत कोणीतरी ती ओळ वाचत होतं. कोणाकोणाच्या हातातून हिसकावून घेऊ?

शनिवारी तिच्या चपलांचा आवाज बंद झाला. स्वयंपाकघरात ती माझ्या मागे उभी असायची आणि ते मला वळल्यावरच कळायचं. मग तिचं बोलणं लांबून यायला लागलं...

ती शेजारी बसलेली असताना.

तिला मी जवळ घेतलं. हाताला काही लागेना म्हणून मी मोठमोठ्याने रडले. तीच मला गप्प करत होती.

आज रविवार. दुपारी ताईचा फोन आला.

"अगं, काल पत्रक आलं! आमची ठमी छापून आली! केस बदलले म्हणून काय झालं, पोटची पोर ओळखू येणार नाही होय? दे बघू तिला."

तीन दिवसांत माझ्याखेरीज कोणी तिचं नाव घेतलं नव्हतं. मी स्पीकर लावला.

"आई!" ठमी ओरडली. "आई, मी इथेच आहे!"

"अगं, दे ना तिच्याकडे," ताई म्हणाली.

"आई! आई गं!"

"रुसली वाटतं. राहू दे... ए, फोटोखाली काहीतरी बारीक लिहिलंय. चष्मा दुरुस्तीला दिलाय, संध्याकाळी मिळेल. काय लिहिलंय गं?"

ठमी रडायची थांबली. माझ्याकडे बघत तिने मान हलवली. नको.

"काही नाही, ताई," मी म्हटलं. "छापखान्याचं नाव आहे."

"बरं. उद्या सकाळी नऊच्या गाडीने येतेय मी. तिला म्हणावं, स्टेशनवर घ्यायला यायचं."

"सांगते."

फोन ठेवून मी खुर्चीकडे वळले.

"ऐकलंस ना ठमे? आई येतेय."

खुर्चीत...

ती मान हलवते आहे की मलाच तसं वाटतंय, ते आता मला नक्की सांगता येत नाही. संध्याकाळ झाली. ताईला चष्मा मिळाला असेल. मी अजून खुर्चीसमोर बसून विचारतेय, "ऐकलंस ना गं?"