मडमची तीट

बाहुलीचा फोटो काढायला शिकायचंय म्हणता, तर आधी तो फ्लॅश बंद करा. फ्लॅश मारला की चांगली देखणी बाहुलीसुद्धा पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसते. तिला खिडकीजवळ बसवा, उजेड एका बाजूनं येऊ द्या. आणि उभ्या उभ्या फोटो काढू नका. तिच्या डोळ्यांच्या पातळीवर या, मग गुडघे दुखोत नाहीतर कंबर. तिच्या डोळ्यांत खिडकीचा चौकोन चमकला की काम झालं म्हणून समजा. एवढं मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला सांगते. पूर्वी आणखी एक गोष्ट सांगत असे, की फोटोआधी बाहुलीचा चेहरा स्वच्छ पुसून घ्या. ती आता सांगत नाही. चहा निवतोय तुमचा, तो घ्या, आणि का ते ऐका.

शाळेतली चित्रकला शिकवणं संपलं, तेव्हा घरी बसून करायचं काय म्हणून मी हा उद्योग सुरू केला. ग्वाल्हेरात बाहुल्या जमवणाऱ्या बायका कितीशा असणार, असं मला वाटायचं. पण निघाल्या. त्यातलीच राजलक्ष्मी. थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायची. नवरा सदा दौऱ्यावर, घरात सासू कुमुदिनीबाई आणि नुकती रांगायला लागलेली मुलगी, हर्षिता. तिला सगळे हशू म्हणत. राजलक्ष्मी गुणी मुलगी, पण फोटोच्या बाबतीत अगदी ढ. तिच्या फोटोत बाहुलीपेक्षा मागचा गॅसचा सिलिंडर जास्त स्पष्ट यायचा.

मागच्या चैत्रात त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. चैत्रगौरीपुढच्या आराशीत घरातल्या सगळ्या बाहुल्या मांडायच्या होत्या. त्या मांडण्याआधी त्यांचे चांगले फोटो काढून घ्यावेत, म्हणून आदल्या दिवशी तिनं मला बोलावलं. ऊन चढायच्या आत मी पोचले.

कुमुदिनीबाई खाली चटईवर बसल्या होत्या. मांडीवर हशू, आणि समोर मडम.

मडम म्हणजे त्या घरची सगळ्यात जुनी बाहुली. कुमुदिनीबाईंचे आजेसासरे संभाजीराव फौजेत होते, त्यांनी ती कुठल्याशा लढाईवरून परतताना आणली. चिनीमातीचा गोरा चेहरा, निळे काचेचे डोळे आणि नेसायला मात्र छोटीशी नऊवारी. बाई तिच्या गालाला काजळाची तीट लावत होत्या. गुळगुळीत गालावर काजळ बसत नव्हतं, सारखं घसरत होतं. बोटाला तेल लावून, दाबून दाबून त्यांनी एकदाची ती तीट टिकवली. मग तेच बोट हशूच्या गालाला लावलं. तिथं काजळ लावताक्षणी बसलं.

"आधी बाहुलीला?" मी हसून विचारलं. "नातीपेक्षा मडमचं कौतुक जास्त दिसतंय."

बाई हसल्या नाहीत. "घरात तान्हं लेकरू असलं की आधी हिला लावायची, सुधाताई. आमच्याकडे पहले से असंच आहे."

"पण का?"

"तिला पण वाटलं पाहिजे ना... की आपल्याला आई आहे."

एवढं बोलून त्यांनी काजळाची डबी बंद केली, पिशवी उचलली आणि कैऱ्या नि ओटीचे हरभरे आणायला त्या बाड्यावरच्या बाजारात निघून गेल्या. घराघरातले असे रिवाज मी पुष्कळ पाहिले आहेत. मी ते मनावर घेतलं नाही.

हशूला आतल्या खोलीत गादीवर ठेवलं, भोवती उशा लावल्या, हातात खुळखुळा दिला. आम्ही बाहेरच्या खोलीत काम सुरू केलं. कूलरची घरघर होती, ओल्या खसाचा वास होता, आणि आतून खुळखुळ्याचा आवाज येत होता.

आधी मागं साधी चादर लावली. सावलीच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला, म्हणजे गालावरचा अंधार कमी होतो. राजलक्ष्मीला मी पालथं झोपायला लावलं आणि मोबाइल जमिनीला टेकवायला सांगितला. एकेक फोटो आधीच्याहून बरा येत गेला. मडमच्या डोळ्यांत खिडकी उतरली.

"ताई, देखो ना! कितनी प्यारी आली आहे!" राजलक्ष्मी म्हणाली. मग तिनं फोटो मोठा करून पाहिला आणि तिचं तोंड उतरलं. "पण हा डाग... पूरा फोटो बिगाड रहा है."

मोठ्या केलेल्या फोटोत ती तीट खरंच वाईट दिसत होती. गालावर माशी बसावी तशी. मी काही बोलायच्या आत तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि मडमचा गाल पुसला.

"अगं, सासूबाई..."

"फोटो झाला की लगेच लावते. दोन मिनिटांचं तर काम."

तिनं फोटो काढला. आम्ही दोघी स्क्रीनवर वाकलो.

मी आयुष्यभर पोरांना माणसाचा चेहरा काढायला शिकवलं. गालावरचा उजेड कसा असतो ते मला कळतं. चिनीमातीवर उजेड वरच्या वर चमकतो. कातडीवर तो थोडा आत मुरतो. त्या फोटोत तो आत मुरला होता.

"आणखी एक काढते," राजलक्ष्मी म्हणाली. मग आणखी एक. ती हरखून गेली होती. तिचा चेहरा मडमच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ गेला होता आणि ती लाडात काहीबाही बोलत होती. "इकडे बघ गं सोनू... बघ आईकडे..."

आई हा शब्द ऐकला आणि माझ्या लक्षात आलं, की खुळखुळा वाजत नाहीये.

"हशू झोपली वाटतं," मी म्हटलं.

"हम्म," तिनं मान वर केली नाही.

मी उठले. आतल्या खोलीत गेले. हशू झोपली नव्हती. गादीवर उताणी पडून ती खिडकीकडे पाहत होती. हात दोन्ही बाजूंना सरळ. तिच्या डोळ्यांत खिडकीचा चौकोन स्पष्ट, स्वच्छ उमटला होता, आणि ती पापणी मिटत नव्हती. मी भ्याले, सरळ सांगते. मी तिला हाक मारली. खूप वेळानं तिनं मान माझ्याकडे वळवली आणि ती हसली. मला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

तेवढ्यात बाहेर दार वाजलं. मी आतल्या उंबऱ्यातून पाहिलं, कुमुदिनीबाई परतल्या होत्या. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही, ती सुटली. कैऱ्या खोलीभर घरंगळत गेल्या.

"कुणी पुसलं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"आई, मी लावतच होते, बस फोटो के लिए..."

बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काजळाची डबी उघडली, मडमपुढे बसल्या आणि घाईत कोरडंच बोट तिच्या गालाला टेकवलं. तेल नाही, दाबणं नाही. तीट लावताक्षणी बसली.

बाई तशाच थांबल्या. बोट गालावरून उचलेनात. मग त्या आत आल्या, हशूजवळ बसल्या आणि तिच्या गालाला बोट लावलं.

काजळ घसरलं.

त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा घसरलं. तिसऱ्यांदा बोटाला तेल लावून दाबलं, तेव्हा एक फिकट रेघ कशीबशी टिकली. हशू त्यांच्याकडे पाहून हसतच होती.

"घामानं असेल, आई," दारातून राजलक्ष्मी म्हणाली. "कूलर आत नाहीये ना."

कुमुदिनीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली. राजलक्ष्मीला काय सांगायचं होतं, आणि कुठल्या तोंडानं?

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला जायची माझी इच्छा नव्हती. पण हशू बरी आहे ना, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चैन पडेना, म्हणून गेले. घर बायकांनी भरलं होतं. कैरीची डाळ, पन्हं, मोगऱ्याचे गजरे. राजलक्ष्मी कौतुकानं सगळ्यांना मोबाइलवरचे फोटो दाखवत होती. हशू तिच्या मांडीवर नव्या झबल्यात शांत बसली होती. "इतकं गुणी बाळ! रडत म्हणून नाही," एक बाई म्हणाली. हशूच्या गालावर तीट नव्हती.

आराशीत सगळ्या बाहुल्या होत्या. मडम नव्हती.

कुमुदिनीबाईंनी मला हळदीकुंकू लावलं. त्यांचे डोळे सुजले होते. मी हळूच विचारलं, "मडम कुठंय?"

त्या काही बोलणार, तेवढ्यात आतल्या बंद खोलीतून खुळखुळा वाजला.

बाईंनी हातातली कोयरी खाली ठेवली आणि ओच्यातून काजळाची डबी काढली.

"हशू उठली वाटतं," त्या मला म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

मी वळून राजलक्ष्मीच्या मांडीकडे पाहिलं. तिथं ती बसली होती, माझ्याकडे तोंड करून. डोळ्यांत खिडकीचा चौकोन चमकत होता, चांगल्या फोटोत असावा तसा.